देमारे घराण्याचं मूळ गाव

लोक अमेरिकेला धबधबा बघायला जातात. मी एक छापील फॉर्म घेऊन गेलो. फॉर्मला बारा रकाने होते, त्यातला सातवा मोकळा होता, आणि तो भरल्याशिवाय परत यायचं नाही असं मी चिपळुणात चारचौघांत बोलून बसलो होतो. माझ्या बहुतेक फजित्या अशा चारचौघांतच सुरू होतात.

फॉर्म आमच्या कुलवृत्तांताचा. ज्यांच्या घराण्याला हा छंद नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका आडनावाची माणसं जमून मंडळ काढतात, मूळ पुरुषापासून कालच्या बारशापर्यंत सगळ्यांची नावं गोळा करतात आणि उशीला घेण्याजोगं जाड पुस्तक छापतात. ते प्रत्येक जण एकदाच उघडतो, आपलं नाव नीट छापलंय ना ते बघायला. आमचं आडनाव इथे लिहीत नाही. मंडळातले लोक सगळं वाचतात.

तर नवी आवृत्ती निघायची होती. माझी मुलगी गौरी ॲरिझोनात चँडलरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिने गेल्या वर्षी ल्यूक देमारे नावाच्या सहकाऱ्याशी लग्न केलं. सातवा रकाना होता ‘जावयाच्या घराण्याचे मूळ गाव’. आणि नियम असा, की हा रकाना मोकळा असेल तर लेकीची नोंद होत नाही. म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या लेखी गौरी जन्मालाच आली नव्हती.

“फ्रेंच आडनाव आहे. फ्रान्स लिहू?” मी मंडळाचे चिटणीस बाळदादा यांना विचारलं. हे माझे चुलतभाऊ.

“फ्रान्स हे गाव आहे का?” बाळदादा म्हणाले. “नियम म्हणजे नियम. तुला मी सांगायला नको.”

म्हणून मी आणि माझी बायको सुनंदा विमानात बसलो. सुनंदा लेकीला भेटायला आणि मी रकान्याला.

चँडलर

मार्चअखेरचं ऊन, पण चिपळूणच्या मे महिन्याइतकं कडक. फक्त घाम नाही. आपल्याकडे घामावरून कळतं की उकडतंय. तिथे नुसतं कळतं की आपण सांडग्यासारखे वाळत चाललोय.

विमानतळावरून घरी येईपर्यंत मी दम धरला. चपला काढता काढता मात्र ल्यूकला विचारलंच, “तुमचं मूळ गाव कुठलं?”

“बाबा, सीरियसली?” गौरी म्हणाली. “दोन वर्षांनी भेटताय. आधी पाणी तरी प्या.”

“तुझ्यासाठीच विचारतोय.”

“माझ्यासाठी? मला त्या बुकने काय फरक पडतो यार?”

ल्यूक मात्र गुणी मुलगा. त्याला मराठीतले तीन शब्द येतात, ‘बाबा’, ‘आई’ आणि ‘पुरे’. तिसरा सुनंदाने वाढलेल्या पहिल्याच जेवणात स्वसंरक्षणार्थ शिकला. तो म्हणाला की माझ्या डॅडकडे सगळं आहे, वंशवृक्ष, कुळाचं चिन्ह, सगळं. आमचा मूळ पुरुष फ्रान्समधला काउंट होता म्हणतात. ईस्टरच्या आदल्या दिवशी लुइझियानात घरी साठ देमारे जमतात. आपण सगळेच जाऊ.

काउंट! म्हणजे सरदारच की. बाळदादा खुर्चीतून कसे घसरतील ते मला दिसायला लागलं.

“व्याही सरदार निघाले तर मुजरा करणार का?” सुनंदाने विचारलं.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण आरशासमोर एकदा वाकून पाहिलं, हे खरं.

लुइझियाना, गुरुवार

लुइझियानाचा हा भाग म्हणजे अर्धा पाणी आणि अर्धा पाण्याच्या वाटेवर. झाडं गुडघाभर पाण्यात उभी, त्यांच्या फांद्यांवरून करड्या जटा लोंबतात, आणि संथ पाण्याच्या त्या फाट्यांना तिथले लोक बायू म्हणतात. आमचे व्याही रेमंड अशाच एका बायूच्या काठी राहतात. उंच, पोट सुटलेला, तीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. पत्नी वारली. स्वयंपाक स्वतः करतात, आणि काय करतात! तेलात पीठ काळपट होईस्तोवर परतून केलेलं कोलंबीचं दाट कालवण, गंबो म्हणतात त्याला, आणि खाली चक्क भात. परक्या मुलखात समोर भात आला की माझी शुद्ध हरपते. मी तीनदा घेतला. चौथ्यांदा ल्यूक माझ्या कानात म्हणाला, “बाबा, पुरे.”

जेवताना रेमंडनी घराण्याची हकिगत सांगितली. देमारे म्हणजे दलदलीकडचे. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याला मोठी दलदल आहे, तिच्या काठचे हे लोक. तिथून काही जण अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या किनाऱ्यावर गेले. तिथे भरतीचं खारं पाणी शेतात शिरायचं. यांनी मातीचे बांध घातले, बांधाच्या पोटात लाकडी झडप बसवली. भरती आली की ती आपोआप बंद, ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर.

“उघाडी!” मी ओरडलो. चमचा खाली पडला.

बत्तीस वर्षं मी कोकणातल्या खाड्यांवर खारबंधाऱ्यांचंच काम केलं. ती झडप म्हणजे आमची उघाडी, जशीच्या तशी. मी कागदी रुमालावर चित्र काढलं, रेमंडनी शेजारी त्यांचं काढलं, आणि बिजागरी वर असावी की बाजूला यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं.

“झालं,” सुनंदा गौरीला म्हणाली. “दोघे खाडीत उतरले. आता भरतीपर्यंत वर येत नाहीत.”

पुढची हकिगत तितकी हसण्याची नव्हती. मुलूख इंग्रजांकडे गेला. राजाशी एकनिष्ठेची शपथ त्यांना हवी तशी घ्यायला हे लोक तयार झाले नाहीत. मग पावणेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्यांना जहाजांत कोंबून हाकलून दिलं. नवरा एका जहाजात, बायको दुसऱ्या. वर्षानुवर्षं भटकून काही जण या पाणथळीत पोचले. चांगली जमीन आधीच वाटली गेली होती, यांच्या वाट्याला पुन्हा दलदलच.

“आणि काउंट?” मी विचारलं.

रेमंडनी टीव्हीच्या वर टांगलेलं चिन्ह दाखवलं. तलवार धरलेला सिंह. सिंहाला पडसं झाल्यासारखा चेहरा.

“फ्रान्समधलं गाव कुठलं?”

“चांगल्या भागातलं,” रेमंड म्हणाले.

रकान्यात हे लिहिता येण्याजोगं नव्हतं.

शुक्रवार

दुसऱ्या दिवशी गौरीने मला गावच्या ग्रंथालयात सोडलं. तिथे स्थानिक इतिहासाची एक खोली आहे, आणि त्या खोलीवर एका वयस्क काळ्या बाईंचं राज्य आहे. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, जांभळ्या काठाचा चष्मा. कोर्टाच्या दफ्तरखान्यात आयुष्य काढून आता इथे विनावेतन बसतात, गुड फ्रायडेच्या सुट्टीतही स्वतःच्या किल्लीने उघडून. छातीवर नावाची पट्टी होती, ओडेल देमारे.

मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. आमच्या मंडळाचं सूत्रच आहे, आडनाव एक, गाव एक, म्हणजे घराणं एक. मी म्हणालो, “म्हणजे तुम्ही आमच्या रेमंडच्या कोण?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ते कुणाला विचारता त्यावर आहे, बेबी.”

तिथल्या बायका कुणालाही बेबी म्हणतात. पासष्टाव्या वर्षी मी थोडा लाजलो आणि फॉर्म पुढे केला. मिस ओडेल, गावात सगळे त्यांना असंच म्हणतात, तो उलटसुलट करून बघू लागल्या. मी एकेक रकाना समजावला.

“आणि हे सगळं तुम्ही लेकीचं नाव पुस्तकात यावं म्हणून करताय?”

“हो.”

“बसा.”

दोन तासांत त्यांनी माझ्यापुढे देमारे घराणं मांडलं. बाप्तिस्म्याच्या वह्यांच्या नकला, जहाजाच्या याद्या, जमिनीचे कागद. फ्रान्समधल्या गावाचं नावही दिलं, एका चिठ्ठीवर लिहून. नऊ अक्षरं, त्यातली चार उच्चारायचीच नाहीत. मी चिठ्ठी खिशात घातली आणि खिशाला बटण लावलं.

मग त्यांनी एक वेगळी, पातळ फाइल काढली. “आणि हे आम्ही,” म्हणाल्या. “रेमंडच्या पूर्वजांनी पुढे दलदल उपसून उसाचा मळा केला, त्या मळ्यावर माझी खापरपणजी गुलाम होती. तिच्या मुलाचा बाप कोण, ते वहीत लिहिलेलं नाही. वही पाद्र्यांनी लिहिली, आणि पाद्री मळ्यावर जेवायला यायचे. पण मुलाचा फोटो आहे. बघा.”

फोटोत एक काळा माणूस टोपी हातात धरून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर रेमंडचं नाक होतं. तो मधला उंचवटासुद्धा.

कुणाही शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. मी फॉर्मच्या मागे लिहिलं, ‘शाखा दुसरी’. आणि म्हणालो, “मग उद्या तुम्ही जेवायला यायलाच हवं! सगळे देमारे जमताहेत.”

त्यांनी चष्मा काढला. “रेमंडला विचारलंत?”

“अहो, त्यात विचारायचं काय? घरचंच आहे.”

“बेबी, मी विचारतेय की रेमंडला माहीत आहे का.”

आता व्याह्याच्या घरी परस्पर चार माणसं जेवायला बोलावणं हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा पुरावा. मी म्हणालो, “सांगितलंच समजा.”

त्यांनी पातळ फाइल मिटली, पण कपाटात परत ठेवली नाही. मग म्हणाल्या, “किती वाजता?”

घरी येऊन मी रेमंडना सांगणारच होतो. पण ते परसात भलामोठा टोप घासत होते आणि बिजागरीचा विषय पुन्हा निघाला.

शनिवार

साठ माणसं, परसात लांबच लांब टेबलं, त्यांवर वर्तमानपत्रं अंथरलेली. ताटवाट्या नाहीत. झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला एक लाल प्राणी असतो, क्रॉफिश. तो पोत्याने आणून मक्याची कणसं, बटाटे आणि मूठमूठ तिखट घालून उकळतात आणि सरळ कागदावर ओततात. शेपूट पिळायची, डोकं चोखायचं. आमच्याकडे पंक्तीत असं कुणी जेवलं तर त्याच्या घरी पुढे सोयरीक करत नाहीत. इथे जो स्वच्छ जेवतो त्याच्याकडे लोक संशयाने बघत होते.

भिंतीवर रेमंडनी वंशवृक्ष लावला होता. बुंध्याशी काउंट, वर पडशाचा सिंह.

मिस ओडेल बरोबर बाराला आल्या. पिवळा पोशाख, टोपी, एका हातात ब्रेड पुडिंगचं भांडं, दुसऱ्यात ती पातळ फाइल. फाटकातून आत येईपर्यंत एकेक टेबल गप्प होत गेलं. लांब कोपऱ्यातला एक म्हातारा तेवढा बोलत होता, त्याला ऐकू येत नसल्यामुळे.

रेमंड पुढे झाले. “मिस ओडेल.”

“रेमंड. तुझ्या व्याह्यांनी बोलावलं. तुला सांगितलंय म्हणाले.”

साठ माना माझ्याकडे वळल्या.

मी त्या क्षणी घाबरून डोळ्यावरून हात फिरवला. त्या हाताला तीन पौंड क्रॉफिशचं तिखट लागलेलं होतं. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. धारा लागल्या, नाक वाहू लागलं, हुंदके आवरेनात. कुणीतरी पोक्त बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “इट्स ऑल राइट, सर. लेट इट आउट.” पलीकडून गौरीचा दबका आवाज आला, “बाबा, काय केलंत तुम्ही?” आणि सुनंदाचा त्याहून दबका, “नेहमीचंच.”

ल्यूकने डोळ्यांवर थंड पाणी ओतलं. दिसायला लागलं तेव्हा मिस ओडेल वंशवृक्षापुढे उभ्या होत्या. काउंटच्या नावावर बोट ठेवून.

“याला सही करता येत नव्हती,” त्या म्हणाल्या. “फुली मारायचा. मी पाहिलीय ती फुली. वाकडी आहे.”

“माझे आजोबा म्हणायचे की काउंट होता,” रेमंड म्हणाले.

“तुझ्या आजोबांना मीही ओळखत होते. ते पुष्कळ काही म्हणायचे. पुष्कळ काही म्हणायचे नाहीत.”

टोप तेवढा उकळत होता.

“मला माहीत आहे,” रेमंड म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“दोन्ही.”

मिस ओडेलनी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांची नाकं समोरासमोर होती, आणि परसातल्या प्रत्येकाला ती दिसत होती. दोन पोक्त बाया उठल्या, पर्सा घेतल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. त्यातली एक माझ्या पाठीवरून हात फिरवणारी.

रेमंडनी एक नवा कागद घेतला, टेबलावर अंथरला, कोपरे सरळ केले. मग टोपातून जाळी उचलून क्रॉफिश ओतले. “बटाटे घालू?”

“नको. बटाटे तिखट ओढून घेतात. कणीस दे.”

बस, एवढंच झालं. मिठ्या नाहीत, भाषणं नाहीत. त्या जेवल्या, पुडिंग संपलं, त्यांनी भांडं धुऊन मागितलं आणि तीनला गेल्या. फाइल टेबलावर राहिली. ती त्या विसरल्या असं मला वाटलं, म्हणून मी ती घेऊन मागे धावत निघालो. ल्यूकने माझा दंड धरला. “बाबा,” तो म्हणाला. मग इंग्रजीत, हळूच, “लहानपणापासून मी त्यांना लायब्ररीत बघतोय. मला कुणी सांगितलं नाही.”

त्याने ‘पुरे’ म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं.

रविवार

सकाळी मी फार खूश होतो. मूळ गाव मिळालं होतं, शिवाय एका घराण्याचा अन्याय आपल्या हातून दूर झाला होता. रेमंड चर्चला गेलेले. मी गौरीला कॉफीबरोबर ताजं प्रवचन दिलं. बघ म्हटलं, स्वतःच्या रक्ताची माणसं वंशवृक्षातून गाळायची, आणि भिंतीवर सिंह लावायचा. कसली ही माणसं.

गौरीने कप खाली ठेवला. “बाबा, आपल्या बुकमध्ये कुमुदआत्या कोणत्या पानावर आहे?”

कुमुदताई माझी थोरली बहीण. सख्खी. आई आजारी असायची, मला तिनेच वाढवलं. तिचा नवरा दत्ता, मिरजेला शाळेत हस्तकला शिकवायचे. अनाथाश्रमात वाढलेले, आडनावही तिथल्या व्यवस्थापकांनी दिलेलं. मागच्या आवृत्तीच्या वेळी मंडळात कुजबुज झाली, की यांचं घराणं काय लिहायचं, असं कसं छापायचं. नाही म्हणायचं धाडस कुणालाच नव्हतं, आणि हो म्हणायचं मला नव्हतं. तेव्हा मी एक नियम सुचवला. मूळ गाव माहीत नसेल तर नोंद नाही. कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. नियम म्हणजे नियम. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

“तेव्हा नियम होता…” मी म्हणालो.

“तुमचाच. प्रूफंही तुम्हीच तपासलीत. मी नववीत होते. मी विचारलं होतं, आत्या कुठे आहे, तर म्हणालात की जागा कमी पडली.”

“कुमुदताई कधी एका शब्दाने बोलली नाही.”

“मिस ओडेल किती वर्षं बोलल्या नाहीत?”

मी सुनंदाकडे पाहिलं. अशा वेळी ती काहीतरी टोमणा मारते आणि विषय सुटतो. तिने मारला नाही.

“माझं नाव नका टाकू, बाबा,” गौरी म्हणाली. “रकाना भरला म्हणून मी, आणि भरला नाही म्हणून ती नाही? आय डोन्ट वॉन्ट इट. आत्या असेल तर मी.”

चिपळूण

परत आल्यावर पहिला फोन बाळदादांना केला. कुमुदताईची नोंद घ्यायची म्हटलं, तर म्हणाले, “मागच्या आवृत्तीत नाही ती या आवृत्तीत कुठून जन्माला आली? लोक विचारतील.”

“विचारू देत. मी सांगेन.”

“काय सांगशील?”

“की मी गाळली.”

बाळदादांनी पलीकडे कागद चाळले. मग म्हणाले, “तू पाठव फॉर्म. मी बघतो. पण प्रेस थांबणार नाही.”

दुसरा फोन लावायला चार दिवस लागले. कुमुदताई दर भाऊबीजेला मला ओवाळते. आमच्या पुस्तकाची प्रत तिच्या कपाटात काचेतून दिसते. तिने ती सवलतीत, आगाऊ नोंदवून घेतली होती. तिच्याकडे गेलो की मी त्या कपाटाकडे पाठ करून बसतो, आणि ती मला बरोबर त्याच्यासमोरची खुर्ची देते.

मी सगळं सांगितलं. गंबो, उघाडी, तिखट, मिस ओडेल, गौरीची अट. तिखटाला ती खूप हसली. मग मी म्हणालो, “तर ताई, तुझा फॉर्म भरायचाय. सातव्या रकान्यात दत्ता भावजींचा आश्रम लिहू का?”

ती हसायची थांबली.

“गाळताना मला विचारलं नव्हतंस,” ती म्हणाली. “आता घालताना विचारतोस होय?”

“हो.”

“मग मला विचार करू दे. यांनाही विचारते. यांचं नाव आहे, यांनी ठरवायला हवं.” पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “आणि गौरीचा फॉर्म तोवर धाडू नकोस. पोरगी माझ्यासाठी थांबलीय, तिला एकटी पुढे नको घालवू.”

“पण प्रेस…”

“थांबेल की प्रेस. मी नाही थांबले?”

त्याला आता अकरा दिवस झाले. बाळदादांचा रोज फोन येतो. कुमुदताईचा अजून आलेला नाही.